सेवेच्या चरित्रांतून गाळलेला अभ्यास

मा. कुलगुरू,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर



४ ऑगस्ट १९२३ रोजी सुरू झालेल्या आपल्या विद्यापीठाच्या शंभरीचा सोहळा होऊन गेला. आता सोहळ्यात न बसणारा एक विषय आपल्यापुढे मांडायचा आहे. आपल्याशी संलग्न असलेली बहुतेक महाविद्यालये सरकार चालवत नाही आणि कुठली कंपनीही चालवत नाही. ती चालवतात संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्था. या संस्थाचालकांच्या प्रतिनिधींना २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने आपल्या अधिसभेत जागाही दिली आहे. म्हणजे कोणाच्याच मालकीची नसलेली संस्था चालवणे ही या विद्यापीठाच्या पायाखालची जमीन आहे. पण बी.कॉम. होणारा मुलगा कंपनीचा ताळेबंद शिकतो, लोकप्रशासन घेणारी मुलगी जिल्हा परिषद कशी चालते ते शिकते. धर्मादाय संस्था कशी चालते हे मात्र समाजकार्याच्या पदवीतला एखादा पेपर सोडला तर बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. स्वयंसेवी संस्थांच्या नेतृत्वाचा अभ्यासक्रम आपण सुरू करावा आणि तो सगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना खुला ठेवावा, अशी माझी मागणी आहे. त्यावर पहिला प्रश्न येईल तो रास्तच आहे: यातून विद्यार्थ्याच्या हाती काय लागणार?

त्याच्याही आधी एक आक्षेप येईल, कारण तो आपल्याकडे हवेतच आहे. सेवाभाव उपजत असावा लागतो, वर्गात बसून कोणी समाजसेवक होत नाही. बाबा आमटे कुठल्या कॉलेजात संस्था चालवायला शिकले, असा सवाल या आक्षेपाच्या शेवटी हमखास येतो. या सवालाचे उत्तर मात्र सवाल करणाऱ्याच्या सोयीचे नाही. नागपुरात शिकून वरोऱ्यात वकिली करणारे आमटे तिथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, सफाई कामगारांची संघटना त्यांनी बांधली होती. कुष्ठरोग्यांसाठी काम करायचे ठरवल्यावर ते कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन त्या रोगाचे रीतसर प्रशिक्षण घेऊन आले. आपल्या गावातल्या कमलाताई होस्पेट बालविधवा होत्या एवढे सगळ्यांना माहीत असते. वेणूताई नेन्यांना सोबत घेऊन १९२१ साली त्यांनी सीताबर्डीत चार खाटांचे प्रसूतिगृह काढले, त्याआधी डफरिन रुग्णालयात त्या परिचारिकेचे शिक्षण घेऊन तयार झाल्या होत्या, हे सांगायचे मात्र राहून जाते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीला गेले १९८६ साली. त्याच्या आधी दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. आपण सेवेची चरित्रे सांगतो तेव्हा त्यात एक दृश्य रंगवतो, माणूस हेलावतो आणि घर सोडतो. हेलावणे आणि काम उभे राहणे यांच्या मधली वर्षे, वह्या, परीक्षा आपण गाळून टाकतो. गोष्ट चांगली होते, पण ऐकणाऱ्या विद्यार्थ्याची फसवणूक होते. त्याला वाटते, आपल्याला अजून तसा झटका आलेला नाही, तेव्हा हे काम आपले नव्हे.

गाळलेल्या अभ्यासाने काय केले ते बंग दांपत्याच्या कामात जवळून पाहता येते. नवजात बाळे कशाने मरतात याची नोंदच जिथे नव्हती, तिथे त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजायला सुरुवात केली. ३९ गावांत घरोघरी जाऊन बाळांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया तयार केल्या आणि तुलनेसाठी ४७ गावे नेहमीच्या व्यवस्थेवर ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले, त्यानुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांच्या हाती देशभर गेली. यातली मला सर्वात बोलकी वाटणारी गोष्ट अगदी लहान आहे. बाळाला न्यूमोनिया झाला आहे का, हे श्वास मोजून कळते. पण मोजणारीला साठपर्यंत अंक येत नसले तर? म्हणून ‘सर्च’ने एक साधे यंत्र केले, त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि ओळीने बसवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेला मणी सरकला तर बाळ आजारी. या यंत्रात करुणा किती आणि बुद्धी किती याचा हिशेब करत बसण्यात अर्थ नाही. एवढे खरे की नुसत्या कळवळ्याला ते सुचले नसते. काम करणाऱ्याच्या हातात मोजमाप द्यायचे, दूरच्या कचेरीत ठेवायचे नाही, हा निर्णय नेतृत्वाचा आहे.

यावर चाणाक्ष वाचक मला अडवील. कमलाताई परिचर्या शिकल्या, आमटे कुष्ठरोग शिकले, बंग सार्वजनिक आरोग्य शिकले; ‘नेतृत्व’ कोणी शिकले? हरकत खरी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. ज्या विषयात काम करायचे तो विषय येणे ही पहिली अट. ती नसेल तर नेतृत्वाचा कुठलाही डिप्लोमा कागदच. पण विषय येणे आणि संस्था चालवता येणे यांत अंतर आहे, आणि ते स्वयंसेवी संस्थेत दुकानापेक्षा किंवा सरकारी कचेरीपेक्षा जास्त आहे. दुकानात पैसे देणारा आणि माल घेणारा एकच असतो. माल वाईट निघाला तर तो परत येत नाही आणि दुकानदाराला लगेच कळते. संस्थेत पैसे देतो देणगीदार, सेवा घेतो दुसराच. सेवा वाईट असली तरी घेणारा गप्प राहतो, कारण फुकट मिळते आहे. आणि देणाऱ्याला कळत नाही, कारण तो तिथे नसतो. नफ्याचा आकडा इथे नाही, म्हणून चांगले चालले की वाईट हे वर्षाखेरीस आपोआप कळत नाही. मालक नाही, म्हणून चुकीबद्दल कोणाचा खिसा हलका होत नाही. आणि निम्मी माणसे स्वेच्छेने आलेली, त्यांना नोटीस देता येत नाही. अशा ठिकाणी काम नीट चालवायचे तर कोणी विचारत नसताना उत्तर देण्याची सवय लागते. विद्यार्थ्याच्या हाती काय लागते, या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. ही सवय अंगी बाणलेला माणूस पुढे बँकेत गेला, शाळेत गेला की ग्रामपंचायतीत, त्याचे हे शिक्षण वाया जात नाही.

ही सवय म्हणजे काय, याचा उत्तम धडा नागपूरपासून दोन तासांच्या वाटेवर, वर्ध्याच्या मगनवाडीत काम केलेल्या माणसाने घालून दिला आहे. जे. सी. कुमारप्पा हिशेबनीस म्हणून लंडनमध्ये तयार झाले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकले आणि पुढे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार त्यांनी मगनवाडीतून सांभाळला. त्याच्या थोडे आधी, १९३४ च्या बिहार भूकंपानंतर राजेंद्रप्रसादांच्या मदत समितीच्या पैशाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. देशभरातून निधी येत होता, स्वयंसेवकांच्या रोजच्या खर्चाला त्यांनी काही आण्यांची मर्यादा घातली होती. अशात खुद्द गांधीजी आपल्या लवाजम्यासह तिथे आले. त्यांच्या मंडळींचा खर्च मदतनिधीतून देता येणार नाही, असे कुमारप्पांनी सरळ कळवले. गांधीजींना ते पटले. पण मला इथे गांधीजींचा मोठेपणा सांगायचा नाही, तो पुष्कळांनी सांगितला आहे. मला कुमारप्पांच्या बाजूने पाहायचे आहे. देशातल्या सर्वात मोठ्या माणसाला, ज्याच्या शब्दावर हा निधी जमला त्यालाच, ‘या पैशाला हा खर्च लागू पडत नाही’ असे सांगायला धैर्य लागते हे उघड आहे. पण नुसते धैर्य पुरत नाही. अमुक कारणासाठी आलेला पैसा त्याच कारणासाठी, हा नियम डोक्यात पक्का बसलेला असावा लागतो, म्हणजे नाही म्हणताना त्यात व्यक्तीचा अपमान उरत नाही. हा भाग शिकवता येतो. कुमारप्पाही तो कुठेतरी शिकले होते.

आता जरा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे वळू, कारण संस्थांचे खरे आजारपण भाषणांत दिसत नाही, तिथल्या कागदांत दिसते. प्रत्येक सार्वजनिक न्यासाच्या नावे तिथे एक नोंद असते, संस्थावाले तिला ‘शेड्यूल वन’ म्हणतात. विश्वस्त कोण, मिळकत काय, हे त्यात लिहिलेले असते. विश्वस्त बदलला, वारला, निवडणूक झाली, की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, असे कलम २२ सांगते. पुष्कळ संस्थांत तो दिला जात नाही. कोणाच्या मनात पाप असते म्हणून नव्हे. सचिवांना वाटते सीए पाहतील, सीएंना वाटते वकील पाहतील, आणि आमसभेचे इतिवृत्त लिहायचेच राहिलेले असते. मग काही वर्षांनी बँक सह्या बदलायला अद्ययावत शेड्यूल वन मागते आणि त्यावर निम्मी नावे वारलेल्यांची निघतात. एखादी कंपनी मदत द्यायला तयार होते, पण कागद पुरे होत नाहीत. अशात कार्यकारिणीत दोन तट असले तर दोन चेंज रिपोर्ट दाखल होतात, एकमेकांवर हरकती येतात, तारखा पडतात, आणि ज्या मुलांसाठी वसतिगृह काढले ती मुले शिकून संसाराला लागली तरी वाद चालूच राहतो. संस्थापक असतो तोवर हे झाकले जाते, कारण त्याचा शब्द घटनेपेक्षा मोठा असतो. तो गेला की घटनाच काय ती उरते, आणि तेव्हा कळते की ती कोणी वाचलेलीच नाही. मग पोकळी कोण भरतो? बहुतेकदा मुलगा, सून, जावई. विदर्भातल्या शिक्षणसंस्थांबद्दल मी इथे अधिक लिहीत नाही. आपल्याला त्या माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

संस्था भांडणाने मोडते ती नेहमी स्वार्थापोटीच, असेही समजू नये. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत टिळक, आगरकर, गोखले एका छताखाली होते; यांच्याहून चारित्र्यवान आजीव सदस्य कुठल्या संस्थेला मिळणार? तरी संस्था स्थापन होऊन सहा वर्षे होतात न होतात तोच, १८९० मध्ये, टिळकांनी राजीनामा दिला. वादाचा एक मुख्य मुद्दा साधा होता: आजीव सदस्यांनी बाहेरची कामे करून त्याचा पैसा घ्यावा की नाही. टिळक म्हणत होते, एकदा संस्थेला वाहून घेतले की घेऊ नये. दुसऱ्या बाजूलाही कारणे होती, मुलाबाळांचे संसार होते. आज याला आपण हितसंबंधांचा आणि मानधनाचा प्रश्न म्हणू आणि तो नियमावलीत आधीच लिहून ठेवू. राजीनामा तरीही आला असता का? कदाचित आला असता. टिळक-आगरकरांच्या मतभेदांची मुळे खोल होती. पण हे प्रकरण वर्गात घेऊन विद्यार्थ्यांना दोन्ही बाजू मांडायला लावल्या, तर सज्जन माणसेही नियमांवाचून एकत्र टिकत नाहीत, हे वीस वर्षांच्या मुलाला कुठल्याही व्याख्यानापेक्षा लवकर कळेल.

ज्यांनी या महाराष्ट्रात संस्था उभ्या केल्या, त्यांना ही गरज आपल्याआधी कळली होती. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला, तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी घातली. अभ्यास आणि प्रवास केल्याशिवाय लोकांपुढे बोलायला उभे राहायचे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली ती रीतसर घटना आणि नोंदणीसह. आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेच्या काही महिने आधी, जुलै १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळाच सुरू केली. ज्या माणसाभोवती लाखो लोक नुसत्या नावावर गोळा होत होते, त्याला आपल्यामागे वर्गात बसून तयार झालेली माणसे हवी होती. शाळा त्यांच्या निधनानंतर फार काळ चालली नाही, हेही संस्थापकामागे संस्था आपोआप टिकत नाही याचा पुरावा म्हणूनच नोंदवतो. आणि ज्यांचे नाव आपले विद्यापीठ मिरवते ते तुकडोजी महाराज? ग्रामगीतेत त्यांनी सेवा-सामर्थ्य आणि संघटन-शक्ती यांसाठी वेगळे अध्याय लिहिले, आणि भजनाला जमलेल्या माणसांतून गुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखा बांधल्या. त्यांची खंजिरी सगळ्यांना आठवते. मंडळाची बांधणी अभ्यासाला घ्यावी असे कोणाला वाटत नाही.

दुसरा आक्षेप समाजकार्य महाविद्यालयांकडून येईल: हे आम्ही शिकवतोच. त्यात तथ्य आहे. नागपूरला तर याचा अभिमान असावा, कारण कमलाताईंच्या मातृ सेवा संघाने १९५८ मध्येच समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था काढली. चार खाटांवर सुरू झालेल्या सेवेला सदतीस वर्षांत कळले की सेवा करणाऱ्यांनाही शिकवावे लागते. माझ्या म्हणण्याला याहून जवळचा आधार शहरात नाही. म्हणूनच नवा अभ्यासक्रम समाजकार्य महाविद्यालयांना डावलून नव्हे, त्यांच्या आधाराने उभा राहावा. पण एमएसडब्ल्यूला जातो तो हे काम पेशा म्हणून करायचे ठरवलेला विद्यार्थी. संस्था चालवणारे बहुतेक लोक तो पेशा करत नाहीत. वाचनालयाचा सचिव बँकेतून निवृत्त झालेला असतो, क्रीडा मंडळाची कोषाध्यक्ष शाळेत गणित शिकवते, रुग्णालयाच्या विश्वस्तांत दोन डॉक्टर आणि एक बांधकाम व्यावसायिक असतो. विजय बारसे हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल देता देता ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली आणि २०१६ मध्ये तिला फिफाचा पुरस्कार मिळाला. असा माणूस उद्या आपल्या शारीरिक शिक्षणाच्या वर्गात बसलेला असेल तर त्याला मैदान आखायला आपण शिकवू. विश्वस्त मंडळ आखायला कोण शिकवणार? आणि एमबीएवाले म्हणतील, व्यवस्थापन सगळीकडे सारखेच. निम्मे सारखे आहे. उरलेले निम्मे मी वर दुकानाच्या संदर्भात सांगितले, ते त्यांच्या पुस्तकांत सहसा नसते. व्यवस्थापनशास्त्राचे पितामह समजले जाणारे पीटर ड्रकर यांनाही १९९० मध्ये ना-नफा संस्थांच्या व्यवस्थापनावर वेगळे पुस्तक लिहावे लागले. सहकारासाठी पुण्यात वैकुंठ मेहता संस्था आहे, ग्रामीण व्यवस्थापनासाठी आणंदला १९७९ पासून ‘इर्मा’ आहे. दूध संघ चालवायला वेगळे शिक्षण लागते हे वर्गीस कुरियन यांनी ओळखले. अनाथालयाला लागत नाही असे आपण का समजतो?

नोकरीचे काय, हा प्रश्न पालक विचारतील, आणि इथे विद्यापीठाने खोटे बोलू नये. या क्षेत्रात पगार कमी आहेत, नेमणुका प्रकल्पापुरत्या असतात, निधी थांबला की माणूस थांबतो. पदविका घ्या आणि लठ्ठ पगार घ्या, असली जाहिरात केली तर पहिल्याच तुकडीचा विश्वास जाईल. पण कामच नाही, हेही खरे नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉईल या दोन सरकारी कंपन्यांची मुख्यालये नागपुरातच आहेत. पैसा देणाऱ्याच्या टेबलावरही तो नीट देता येणारी माणसे लागतात. घेणाऱ्याच्या टेबलावर तर लागतातच. शिवाय नियमांचे जाळे दाट होत गेले आहे. करसवलतीसाठीची १२ए आणि ८०जीची नोंदणी आता कायमची राहिलेली नाही, ती ठरावीक मुदतीने नव्याने करावी लागते. देणगीदारांचे विवरण आयकर खात्याला ऑनलाइन द्यावे लागते. परदेशी निधी घेणाऱ्यांना २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च वीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आधी ही मर्यादा पन्नास टक्के होती. या शेवटच्या नियमामागे एक समजूत आहे आणि ती सरकारपुरती मर्यादित नाही, आपल्या देणगीदारांतही तीच आहे: पैसा ‘कामावर’ जावा, कचेरीवर आणि माणसांवर गेला तर तो वाया. हिशेब लिहिणारा, माणसे घडवणारा, काम मोजणारा हा खर्चाचा बोजा समजायचा आणि मग हिशेब लागत नाही म्हणून संस्थेला नावे ठेवायची, असा हा उलटा न्याय आहे. शिकलेली माणसे याविरुद्ध आकड्यांनिशी बोलू शकतील. नुसती तळमळ असलेली बोलू शकत नाहीत, त्यांना ते मागणेच लाजिरवाणे वाटते.

आणखी एक आक्षेप चळवळीतल्या मित्रांचा असेल, आणि सगळ्यांत त्याचीच मला धास्ती वाटते. ते म्हणतील, व्यवस्थापन आले की चळवळ मेली. अर्ज, लक्ष्ये, सादरीकरणे, फोटोसह अहवाल. देणगीदाराला जे मोजता येते तेवढेच काम उरते आणि हक्काची भाषा हळूच सेवेच्या भाषेत विरघळते. हे होते आहे. अभ्यासक्रम म्हणजे प्रस्ताव लिहायचा क्लास होणार असेल तर तो सुरू न केलेलाच बरा, त्यासाठी विद्यापीठाची गरज नाही. पण शिस्त आणि संघर्ष एकमेकांचे वैरी आहेत हे मला मान्य नाही, आणि त्याला पुरावा गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचा आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गोंड गावाने देवाजी तोफांच्या पुढाकाराने आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने एक वेगळीच रीत बसवली. निर्णय ग्रामसभेत, तेही सर्वांच्या संमतीने. पण निर्णयाआधीचा विचार अभ्यास मंडळात. मंडळात कोणीही बाहेरचा येऊ शकतो, वाद घालू शकतो, पण तिथे निर्णय होत नाही. जाणकाराची जागा आणि निर्णयकर्त्याची जागा वेगळी ठेवण्याची ही युक्ती मोठमोठ्या विश्वस्त मंडळांनाही जमलेली नाही. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचे परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या दिवसानंतर गावाला घोषणा पुरणार नव्हत्या. बांबू तोडायचा किती, विकायचा कोणाला, मजुरी कशी वाटायची, खाते कोणाच्या सहीने चालवायचे, हे सगळे ग्रामसभेला करावे लागले. हक्क लढून मिळतो, पण टिकतो तो कीर्द-खतावणीवर. हा अभ्यास चळवळीला मारक कसा?

आता अभ्यासक्रम कसा असावा याबद्दल थोडे, कारण नुसती मागणी करून पत्र संपवणे सोपे आहे. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभाग आणि ऑन जॉब ट्रेनिंग यांना श्रेयांक आले आहेत, तेव्हा नवी इमारत नको, नवे पदही लगेच नको. भीती एवढीच की हे श्रेयांक एका दिवसाचे स्वच्छता अभियान आणि प्रमाणपत्र यांत आटोपतील. त्याऐवजी पदवीच्या कुठल्याही शाखेतल्या विद्यार्थ्याला एका संस्थेत एप्रिल ते मार्च असे पूर्ण आर्थिक वर्ष जोडून द्यावे: अंदाजपत्रक मांडले जाते तिथपासून ऑडिट होईपर्यंत. त्याने व्हाउचर लावावेत, आमसभेचे इतिवृत्त लिहावे, चेंज रिपोर्टचा एक मसुदा करावा. परीक्षा घ्यायची ती अशी, की संस्थेचा वार्षिक अहवाल त्याने ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्यापुढे, त्यांच्या बोलीत मांडावा आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. गुणांतला मोठा वाटा तिथे. पदव्युत्तर पदविका संध्याकाळची ठेवावी आणि तिची फी अशी असावी की पाड्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यालाही परवडेल. गांधी विचारधारा आणि डॉ. आंबेडकर विचारधारा हे विभाग, वाणिज्य, विधी आणि समाजकार्य यांनी मिळून हा अभ्यासक्रम चालवावा. एका विभागाच्या ताब्यात गेला की त्याचा रंग एकच होईल. आणि एक विषय मी आग्रहाने सुचवतो: बंद पडलेल्या संस्था. विदर्भात शंभर वर्षांत किती वाचनालये, वसतिगृहे, आश्रमशाळा निघाल्या आणि मिटल्या. त्यांची दप्तरे अजून कोणाकोणाच्या माळ्यावर आहेत. ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणावीत आणि विद्यार्थ्यांनी ती वाचावीत. यशोगाथांची पुस्तके आपल्याकडे पुष्कळ आहेत.

शिक्षक कोण, हा प्रश्न उरतो आणि त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. पुस्तकी तयारीचे लोक विभागांत आहेत. हाताने संस्था चालवलेले, ज्यांना नेट-सेटची पात्रता नाही असे अनेक जण शहरात आहेत. त्यांना पाहुणे व्याख्याते म्हणून वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देऊन बोलावण्यापेक्षा संपूर्ण सत्राची जबाबदारी आणि त्याचे मानधन देता येईल का, हे नियमांत बसवून पाहावे लागेल. तेवढ्यासाठी विद्वत परिषदेच्या येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि एक छोटी समिती नेमावी, अशी विनंती आहे. समितीत धर्मादाय कार्यालयाचा एक निवृत्त अधिकारी, एक सनदी लेखापाल, समाजकार्य महाविद्यालयाचे एक प्राध्यापक, एखाद्या ग्रामसभेचा प्रतिनिधी आणि निदान दोन विद्यार्थी असावेत. संस्थाचालकांचा प्रतिनिधी एकच पुरे.



आपला,
एक नागपूरकर